फोनातून बाहेर काय जाते, हे तालुक्याच्या गावी तपासता आले पाहिजे

दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर स्मार्टफोन ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. आंब्याच्या पेट्यांचे पैसे त्यावर येतात, मुंबईच्या चाकरमान्याने पाठवलेली रक्कम त्यावर जमा होते, वादळाचा इशारा होडीवर त्यावरच कळतो, सातबारा त्यावर निघतो आणि लाडकी बहीण योजनेचा ओटीपीही त्यावरच येतो. इतके सारे ज्या एका यंत्राच्या हवाली केले आहे, ते यंत्र दिवसभरात कोणाकोणाशी बोलते आणि आपल्याबद्दल काय बाहेर पाठवते, हे तपासून घ्यायचे म्हटले तर मात्र रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातल्या सामान्य माणसाला जाण्यासाठी ठिकाणच नाही. ते असले पाहिजे, तालुक्याच्या गावी असले पाहिजे, विनामूल्य असले पाहिजे आणि ते पोलिसांच्या किंवा कंपन्यांच्या हाती असता कामा नये, असे माझे म्हणणे आहे. स्वतःच्या फोनचे नेटवर्क ट्रॅफिक, म्हणजे इंटरनेटवरून होणारी माहितीची ये-जा, तपासण्याचा आणि त्यात जे दिसेल ते जाहीरपणे मांडण्याचा नागरिकाचा अधिकार कायद्याने स्पष्ट शब्दांत मान्य केला पाहिजे, हीही त्याच मागणीची दुसरी बाजू आहे.

ही तपासणी नेमकी काय असते, हे आधी सांगायला हवे, कारण पाळत ठेवणारे सॉफ्टवेअर शोधायचे म्हणजे फोनवर एखादे अँटिव्हायरस ॲप टाकायचे, असाच बहुतेकांचा समज असतो. पण असे सॉफ्टवेअर, म्हणजे स्पायवेअर, चांगले लिहिलेले असेल तर फोनच्या आत लपू शकते, आपले चिन्ह काढून टाकू शकते, नाव बदलून ‘सिस्टिम अपडेट’ म्हणून बसू शकते. पण एक गोष्ट त्याला टाळता येत नाही. त्याने जे चोरले, ते कधीतरी, कोणत्यातरी वाटेने मालकापर्यंत पोहोचवावेच लागते, नाहीतर त्या चोरीचा मालकाला काही उपयोग नाही. ही वाट बहुतेक वेळा वायफाय किंवा मोबाइल इंटरनेटमधून जाते. म्हणून फोनला एका लहान तपासणी-संगणकाच्या वायफायवर जोडायचे आणि त्या संगणकावर प्रत्येक जोडणीची नोंद घ्यायची. फोनने कोणत्या डोमेनचा, म्हणजे इंटरनेटवरच्या नावाचा, पत्ता विचारला, कोणत्या सर्व्हरशी, म्हणजे पलीकडच्या संगणकाशी, जोडणी केली, किती वाजता केली आणि किती माहिती वर पाठवली, एवढे त्यातून दिसते. आजकाल जवळजवळ सगळे ट्रॅफिक कूटबद्ध, म्हणजे सांकेतिक रूपात झाकलेले, असल्यामुळे आतला मजकूर दिसत नाही. पण कोणाला, केव्हा आणि किती, या तीन प्रश्नांची उत्तरे पुष्कळ काही सांगून जातात.

गुहागर तालुक्यातल्या एका वाडीत गेल्या पावसाळ्यात शेजारच्या मावशींच्या फोनवर हे मी जवळून पाहिले. त्यांच्या मुलाची स्कूटर त्यांच्या नावावर आहे, त्यामुळे ‘तुमच्या वाहनावर दंडाचे चलन निघाले आहे’ असा व्हॉट्सॲप संदेश आला तेव्हा त्यांना तो खरा वाटला, आणि सोबतची एपीके, म्हणजे थेट ॲप बसवणारी, फाइल त्यांनी उघडली. ॲप बसले, त्याने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली, ती मिळताच त्याचे चिन्ह पडद्यावरून नाहीसे झाले. मावशींना वाटले, ते बसलेच नाही. दोन दिवसांनी न मागितलेले ओटीपी येऊ लागले, तेव्हा त्यांनी आपल्या भाच्याला बोलावले. तो अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याने आपल्या लॅपटॉपचे हॉटस्पॉट सुरू केले, फोन त्यावर जोडला, बाकीची सगळी ॲप बंद केली आणि नोंदी पाहत बसला. सुरुवातीला दिसले ते नेहमीचे होते: गूगलच्या सेवा, फोन कंपनीचा अपडेट सर्व्हर, व्हॉट्सॲप. मग त्याने माझ्या फोनवरून मावशींना एक साधा एसएमएस पाठवायला सांगितला. मावशींचा फोन वाजला आणि त्याच क्षणी नोंदींमध्ये नवी ओळ उमटली: ‘एपीआय डॉट टेलिग्राम डॉट ऑर्ग’, काहीशे बाइट, बाहेर. दुसरा एसएमएस पाठवला, पुन्हा तीच ओळ. मावशींच्या फोनवर टेलिग्राम नव्हतेच. येणारा प्रत्येक एसएमएस ते लपलेले ॲप टेलिग्रामवरच्या एका बॉटकडे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या खात्याकडे, रवाना करत होते, आणि अनोळखी सर्व्हरऐवजी एका प्रसिद्ध सेवेचा आडोसा घेतल्यामुळे वरवर पाहणाऱ्याला त्यात वावगे काही दिसले नसते.

मावशींचे खाते वेळेवर गोठवता आले. त्याआधी त्या बाजारपेठेतल्या मोबाइलच्या दुकानात जाऊन आल्या होत्या, आणि तिथल्या मुलाने त्यांना ‘रिसेट मारून देतो’ एवढेच सांगितले होते. त्या मुलाचा दोष नाही, त्याला तेवढेच शिकवलेले आहे. पण आज कोकणातल्या गावोगावी फोनची तपासणी करणारा एकमेव माणूस तोच आहे, त्याच्या हाती आपण पॅटर्न सांगून उघडा फोन देतो, आणि त्याच्याकडचा उपाय म्हणजे सगळे पुसून टाकणे. त्यामुळे चोर निघून जातो खरा, पण काय गेले, कुठे गेले आणि कोणत्या ॲपमुळे गेले, याचा पुरावाही त्याच्याबरोबर पुसला जातो. मग सायबर पोलिसांकडे तक्रार घेऊन जाणाऱ्या बाईकडे सांगण्यासारखे ‘पैसे गेले’ यापलीकडे काही उरत नाही.

खेड्यातल्या अशा फसवणुकीला एवढे तंत्र कशाला, असे कोणी म्हणेल. पण गेल्या दहा वर्षांत फोनमधून होणाऱ्या गळतीची जी मोठी प्रकरणे जगासमोर आली, त्यांतली कितीतरी याच साध्या कृतीतून, म्हणजे बाहेर जाणारे ट्रॅफिक कोणीतरी चिकाटीने पाहिल्यामुळे उघड झाली. २०१६ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या काही स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये शांघायच्या ॲडअप्स या कंपनीचे सॉफ्टवेअर कारखान्यातूनच बसवलेले आढळले. ते दर ७२ तासांनी एसएमएसचा मजकूर, संपर्कयादी आणि कॉलच्या नोंदी चीनमधल्या सर्व्हरला पाठवत होते. २०२१ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधले प्राध्यापक डग्लस लीथ यांनी मोजून दाखवले की, अँड्रॉइड असो वा आयफोन, हातात न घेता नुसता ठेवलेला फोनसुद्धा सरासरी दर साडेचार मिनिटांनी गूगलशी किंवा ॲपलशी बोलतो. २०२३ मध्ये कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीला आपल्याच कर्मचाऱ्यांच्या आयफोनमध्ये अतिशय प्रगत स्पायवेअर सापडले, ‘ऑपरेशन ट्रायँग्युलेशन’ या नावाने ते प्रकरण ओळखले जाते. तिथे फोनच्या आत पाहून काहीच कळले नव्हते. कार्यालयाच्या वायफायवरचे संशयास्पद ट्रॅफिक पाहून शंका आली आणि तिथून धागा हाती लागला.

आपल्याकडचे उदाहरण २०१८ च्या मार्च महिन्यातले आहे. फ्रान्समधल्या एका संशोधकाने ट्रॅफिक तपासून दाखवले की पंतप्रधानांच्या नावाचे ॲप वापरकर्त्यांची माहिती त्यांना न विचारता एका बाहेरच्या विश्लेषण कंपनीच्या पत्त्यावर पाठवत आहे. त्यानंतर त्या ॲपचे गोपनीयता धोरण बदलले. पाठोपाठ काँग्रेस पक्षाच्या ॲपमधून सदस्यांची माहिती कूटबद्ध न करताच जात असल्याचे दिसले आणि ते ॲप प्ले स्टोअरवरून काढून घेण्यात आले. दोन्ही पक्षांचे समर्थक त्या आठवड्यात एकमेकांवर तुटून पडले. माझ्या मनाला लागली ती वेगळीच गोष्ट: कोट्यवधी भारतीयांच्या हातातल्या फोनमधून काय जाते, हे पाहायला माणूस फ्रान्समधून पुढे आला. आपल्याकडे अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, हुशार मुले आहेत, मोकळा वेळही आहे. हे पाहणे आपले काम आहे, असे त्यांना कोणी सांगितलेले नाही.

या तपासणीला मर्यादा आहेत, आणि त्या लपवून तिची भलामण करणे लोकांची दिशाभूल ठरेल. अर्ध्या तासाच्या तपासणीत काही दिसले नाही म्हणून फोन स्वच्छ आहे, असे म्हणता येत नाही. स्पायवेअर गप्प बसू शकते, वायफायवर न पाठवता मोबाइल डेटा सुरू होण्याची वाट पाहू शकते, गूगल किंवा ॲमेझॉनच्या क्लाउडवरचा सर्व्हर वापरून हजारो प्रामाणिक ॲपच्या गर्दीत मिसळून जाऊ शकते. काही गळती तर नेटवर्कवर दिसण्याआधीच फोनच्या आत होते. २०२५ च्या जूनमध्ये युरोपातल्या संशोधकांनी उघड केले की, अँड्रॉइड फोनवर मेटा (फेसबुक-इन्स्टाग्रामची कंपनी) आणि यांडेक्स (रशियन इंटरनेट कंपनी) यांची ॲप फोनमधल्या फोनमध्येच काही पोर्टवर, म्हणजे ॲपनी एकमेकांशी बोलण्याच्या अंतर्गत दारांवर, कान लावून बसत आणि ब्राउझरमधून होणारी वेबसाइटची भ्रमंती वापरणाऱ्याच्या ओळखीशी जोडत. असला व्यवहार बाहेरच्या वायफायवरून दिसत नाही, त्यासाठी फोनवरच चालणारी पीसीएपीड्रॉइडसारखी साधनेही अपुरी पडू शकतात आणि जाणकाराने मुद्दाम त्या जागी पाहावे लागते. उलट बाजूने, दिसणारी प्रत्येक अनोळखी जोडणी हेरगिरीची नसते. ॲप बंद पडल्याचा अहवाल पाठवणाऱ्या, जाहिराती मोजणाऱ्या आणि सूचना पोहोचवणाऱ्या सेवांचीच त्यात बहुसंख्या असते, आणि नवशिक्या तपासनीस त्यांच्यामागे धावून घरादाराला घाबरवून सोडू शकतो.

पेगासस या सरकारांना विकल्या जाणाऱ्या इस्रायली स्पायवेअरच्या पातळीची पाळत ही तर या तपासणीत हमखास सापडणारी गोष्ट नव्हेच. त्यासाठी फोनच्या बॅकअपमधील खुणा तपासाव्या लागतात, ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने २०२१ मध्ये त्यासाठीचे साधन सर्वांसाठी खुले केले आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तांत्रिक समितीने २९ फोन तपासले, त्यांतल्या ५ फोनमध्ये काही ना काही घातक सॉफ्टवेअर आढळले, पण ते पेगाससच असल्याचा निष्कर्ष काढता आला नाही, असे २०२२ च्या ऑगस्टमध्ये न्यायालयात सांगण्यात आले. देशातल्या नामांकित तज्ज्ञांची ही स्थिती असताना तालुक्याच्या केंद्राने मोठमोठे दावे करू नयेत, हे उघड आहे. पण कोकणातल्या बहुसंख्य लोकांना ज्यांचा त्रास होतो ती चलनाची आणि लग्नपत्रिकेची बनावट ॲप, वीज तोडण्याची धमकी देऊन बसवलेली ॲप, कर्ज देणारी ॲप आणि घरातल्याच कोणीतरी बसवलेले पाळतीचे ॲप हे सारे काही पेगासस नव्हे. ते ओबडधोबड असते, सतत बोलत असते, आणि म्हणूनच पकडता येते.

कर्ज देणाऱ्या ॲपचेच पाहा. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच सांगितले आहे की, अशा ॲपनी फोनमधल्या फाइल, फोटो, संपर्कयादी आणि कॉलनोंदी यांना हात लावू नये. तरीही एखाद्या खलाशाने बंदीच्या काळात, म्हणजे जून-जुलैमध्ये हातात पैसा नसताना, कुठल्यातरी बेनामी ॲपवरून पाच हजार उचलले आणि हप्ता चुकला की त्याच्या मेहुण्यापासून होडीवरच्या पागी-तांडेलांपर्यंत सगळ्यांना बदनामीचे संदेश जाऊ लागतात. संपर्कयादी केव्हा गेली? ॲप बसवल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात. ते मिनिट एखाद्या तपासणी-वायफायवर पुन्हा घडवून आणले तर यादी वर जाताना तिचा आकार दिसतो, पत्ता दिसतो, वेळ दिसते, आणि तक्रारीला धार येते.

मग हे केंद्र उभे कसे करायचे? लागणारे साहित्य थोडे आहे: रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा संगणक, एक पडदा आणि मोफत मिळणारी मुक्तस्रोत साधने. काही हजार रुपयांत एक टेबल तयार होते. टायनीचेक नावाचे असेच एक साधन २०२० मध्ये लोकांपुढे आले. ते कोणा गुप्तचर खात्यासाठी बनवलेले नव्हते, फ्रान्समध्ये हिंसाचार सोसलेल्या स्त्रियांना आधार देणाऱ्या एका संस्थेशी झालेल्या बोलण्यातून त्याची कल्पना निघाली होती, आणि फोनला हात न लावता, फोनमधल्या पाळतीच्या ॲपला कळू न देता तपासणी करता यावी हा त्याचा हेतू होता. माणसांचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच स्त्रियांना पाणी तपासण्याचा संच वापरायला शिकवायचे ठरले, तेव्हा त्यांना रसायनशास्त्राची पदवी विचारली गेली नाही. नमुना कसा घ्यायचा, रंग कसा वाचायचा आणि शंका आली की नमुना प्रयोगशाळेत कोणाकडे पाठवायचा, एवढे शिकवले की गावच्या विहिरीची पहिली तपासणी गावातच होते. फोनचेही तसेच करता येईल. पहिली तपासणी तालुक्यात, शंकास्पद नोंदी लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठासारख्या संस्थेतल्या जाणकारांकडे.

जागा म्हणून मला सर्वांत योग्य वाटतात ती सार्वजनिक वाचनालये. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासूनचे आहे, आणि किनाऱ्यावरच्या जवळपास प्रत्येक मोठ्या गावात शतकभर जुनी वाचनालये उभी आहेत. तिथे जाताना बाईला कोणी ‘कुठे निघालीस?’ म्हणून संशयाने विचारत नाही. पोलीस ठाण्याच्या पायरीचे तसे नाही.

ही शेवटची गोष्ट मी सहज म्हणून लिहिलेली नाही. नवरा मुंबईत किंवा आखातात आणि बायको गावी, ही कोकणाची जुनी कौटुंबिक रचना आहे, आणि तिच्यात फोन हा आधारही असतो आणि पहाराही. सुट्टीत आलेला नवरा बायकोच्या फोनवर एखादे ॲप बसवून जातो आणि दूरवरून तिचे संदेश, तिचे ठिकाण, तिचे कॉल पाहत राहतो. याला हेरगिरी म्हणायला समाज अजून तयार नाही, ‘काळजी’ म्हणतो. अशा बाईच्या फोनमध्ये पाळतीचे ॲप सापडले तर ते तिथल्या तिथे काढून टाकणे, ही तपासनिसाची सर्वांत मोठी चूक ठरू शकते, कारण ॲप गप्प झाले की पलीकडच्या माणसाला तत्काळ कळते आणि त्याचा राग तिच्यावर निघतो. काय करायचे ते तिने ठरवायचे, शक्य तर अशा प्रकरणांची जाण असलेल्या समुपदेशिकेशी बोलून. प्रशिक्षणाचा निम्मा वेळ मी यासाठीच राखून ठेवीन.

याच साधनाचा उलटा वापरही होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. जो संगणक बायकोच्या फोनमधली पाळत शोधतो, तोच घरच्या राउटरला जोडला तर सासरच्यांना तिच्या फोनच्या जोडण्या दाखवतो. होमस्टेचा मालक पाहुण्यांच्या, प्राचार्य विद्यार्थिनींच्या आणि मालक कामगारांच्या फोनवर लक्ष ठेवू शकतो. म्हणून केंद्राचे नियम कडक हवेत. फोनचा मालक समोर बसलेला असल्याशिवाय तपासणी नाही, दुसऱ्याने आणलेला फोन घ्यायचा नाही, नोंदी मालकाच्या हाती द्यायच्या आणि केंद्राकडची प्रत त्याच्यासमोर पुसायची, वरच्या संस्थेकडे पाठवायचे ते त्याच्या लेखी संमतीने आणि अनोळखी पत्त्यांपुरतेच. हे नियम पाळता येत नसतील तर केंद्र उघडूच नये, या मताला मी ठाम आहे.

हे सारे सरकारच्या एखाद्या ॲपवर सोपवावे, अशी सूचना हमखास येते. २०२५ च्या नोव्हेंबरअखेरीस दूरसंचार विभागाने संचार साथी हे ॲप प्रत्येक नव्या फोनवर आधीच बसवण्याचा आदेश कंपन्यांना दिला आणि देशभर ओरड झाल्यावर काही दिवसांत तो मागे घेतला. त्या ॲपचा हेतू चांगला असेलही, पण लोकांची ओरड योग्य होती. पाळत आहे की नाही हे सांगणारा स्वतःच फोनच्या आत कायमचा मुक्काम करू पाहत असेल, तर त्याच्यावर कोण नजर ठेवणार? सायबर फसवणुकीसाठीचा १९३० हा मदत क्रमांक उपयोगी आहे आणि तो प्रत्येक वाडीत माहीत असायला हवा, पण तो पैसे गेल्यानंतरचा उपाय आहे.

आता कायद्याचे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला. या कायद्यात सुरक्षिततेत कसूर करणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. तो दंड सरकारी तिजोरीत जातो. ज्याची माहिती गेली त्याला भरपाई मिळण्याची माहिती तंत्रज्ञान कायद्यातली ४३-अ कलमाची वाट याच कायद्याने बंद करायचे ठरवले आहे. आणि नागरिकाने खोटी किंवा उथळ तक्रार केल्याचे ठरले तर त्यालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मच्छी विकणाऱ्या बाईने कोणत्या बळावर तक्रार करायची? तिच्या हातात काही पुरावा असला तरच. आणि तो पुरावा म्हणजे दुसरे तिसरे काही नसून तिच्या फोनच्या जोडण्यांची तारीखवार नोंद आहे. कायद्याने ओझे तिच्यावर टाकले आहे, तर ते उचलायचे साधनही तिला द्यावे लागेल.

म्हणून मागणी तीन गोष्टींची आहे. स्वतःच्या फोनचे किंवा मालकाच्या संमतीने दुसऱ्याच्या फोनचे ट्रॅफिक सद्हेतूने तपासणे आणि त्यातील दोष प्रसिद्ध करणे हा गुन्हा ठरणार नाही, असे माहिती तंत्रज्ञान कायद्यात स्पष्ट लिहावे, कारण आज कंपनीची नोटीस आली की महाविद्यालयातला मुलगा आणि त्याचे प्राध्यापक दोघेही माघार घेतात. अशा नोंदी २०२३ च्या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाने प्राथमिक पुरावा म्हणून स्वीकाराव्यात. आणि शासनाचे प्रत्येक ॲप कोणकोणत्या सर्व्हरशी बोलते आणि कशासाठी, याची यादी त्या त्या खात्याने मराठीत प्रसिद्ध करावी. आरोग्य सेतू या कोविडकाळातल्या सरकारी ॲपचा स्रोत (आतला कोड) टीका झाल्यावर मे २०२० मध्ये खुला करता आला, तर पत्त्यांची यादी देणे अवघड नाही. यादी हाती असली की तालुक्याच्या टेबलावर बसलेली मुलगी शासनाचे ॲप यादीबाहेर कुठे जाते का, हे एका दुपारी ताडून पाहू शकते.

कायदा बदलायला दिल्लीला वेळ लागेल. टेबल मांडायला तेवढा वेळ लागू नये. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तिन्ही जिल्ह्यांच्या नियोजन समित्यांकडे नावीन्यपूर्ण योजनांसाठी निधी असतो, आणि त्यातून प्रत्येक जिल्ह्यात एका वाचनालयात एक टेबल व दोन प्रशिक्षित मुली, एवढा प्रस्ताव पुढच्या बैठकीत मांडायला कोणाची हरकत नसावी. ज्या वाचनालयांच्या कार्यकारी मंडळांना हे पटते, त्यांनी आधी ठराव करावा आणि तो आपल्या पालकमंत्र्यांकडे पाठवावा.